पाचव्या डब्यानंतर

"पोर गेल्यावर तिकडच्या बायका काय करतात, ते बघायचंय मला," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

रविवार होता, सकाळचे साडेआठ. मी शर्टाची बटणं लावत होतो. दादा त्यांच्या पाठीमागून मला हातानं खुणावत होता, ने, ने तिला. मी सांगून पाहिलं की हा सिनेमा करमणुकीचा नाही, भीतीचा आहे, तुम्हाला झेपायचा नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "आता आणखी कशाला भिऊ, भावोजी?" चूक माझीच होती. आदल्या दिवशी जेवताना मी दादाला या सिनेमाची सुरुवातीची गोष्ट फुशारकीनं सांगितली होती आणि वहिनी भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या.

सात महिन्यांपूर्वी त्यांची मुलगी गेली. सव्वाचार वर्षांची होती. मेंदूज्वर झाला आणि तिसऱ्या दिवशी आटोपलं. एवढ्या लहान लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत. कृष्णेच्या काठी पुरलं आणि आंघोळ करून घरी आलो. दहावा नाही, तेरावा नाही. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, लहान जिवाचं फार धरून बसायचं नसतं, त्याला पुढं जाता येत नाही. त्यांनीच तिचे कपडे गाठोडं बांधून देऊन टाकले. चौथ्या दिवशी दादा साखर कारखान्यात कामावर, मी बँकेत आणि वहिनी चुलीपुढं. सगळं कसं वेळच्या वेळी झालं. जूनमध्ये एकदा भर दुपारी वहिनी एका कोळ्याला घाटाच्या शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या दिसल्या. तो हात धरून त्यांना घरी सोडून गेला. तेव्हापासून आत्याबाई दिवसभर दारात बसून राहायच्या आणि दादा फॅक्टरीतून दोनदा फोन करायचा. त्या बाईनं आज पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी तिला नाही कसं म्हणणार?

ही चौऱ्याऐंशी सालची सांगली. आमच्या फिल्म सोसायटीचं नाव होतं 'रूपवेध' आणि सभासद नव्वद. त्यांतले निम्मे परदेशी सिनेमात सेन्सॉरची कात्री लागत नाही असं ऐकून आलेले. उरलेल्यांतले बरेच आपण आलो हे चारचौघांना दिसावं म्हणून यायचे. सिनेमा बघायला येणारे सगळे मिळून एका रिक्षात मावले असते. मी सेक्रेटरी. वय एकतीस, आणि मला सोडून सगळी सांगली गाढव आहे असं माझं पक्कं मत होतं. एका स्थानिक दैनिकात दर आठवड्याला मी 'प्रेक्षक उवाच' नावाचं सदर लिहायचो. सिनेमा सुटल्यावर लोक जे तारे तोडत, ते त्यात नावानिशी छापायचो. लोक मला घाबरत असत आणि मला ते फार आवडे.

आमचे अध्यक्ष प्रा. उपळेकर. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि सिनेमा सुटला की पुढे येऊन पाऊण तास बोलायचे. मागच्या खेपेला प्रिंट जुनी होती, पडद्यावर रेघा पडत होत्या. तो दिग्दर्शकानं मुद्दाम पाडलेला पाऊस आहे असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. मी ते छापलं. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त सभेच्या मिनिट्सपुरतं बोलत.

सिनेमाची पद्धत अशी होती. मुंबईहून पाच डबे एसटीनं यायचे. शनिवारी संध्याकाळी मी ते घरी उघडून प्रत्येक रीळ तपासायचो, कुठे फाटलंय का ते पाहायचो, सुरुवातीच्या पट्टीवरचा नंबर वाचायचो आणि खळीनं मराठी आकड्याची चिठ्ठी डकवायचो. परदेशातल्या डब्यांवर कोण काय लिहून ठेवील याचा नेम नसायचा, म्हणून ही खबरदारी. आमचा ऑपरेटर शौकतभाई मुल्ला मला कित्येकदा म्हणाला होता की साहेब, चिठ्ठी डब्याला लावा, झाकणाला नको. झाकणावर चिठ्ठी वरून पटकन दिसते, असं माझं म्हणणं. डब्यांचा धंदा त्याच्या हातात वीस वर्षं होता, माझ्या हातात दोन. तरी ऐकायचं त्यानं, कारण मी बी.ए. होतो.

नऊ वाजता व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये खिडक्यांना घोंगड्या लावून खेळ सुरू झाला. सिनेमा उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला, पंचवीस वर्षं जुना आणि जगभर नावाजलेला. त्याचं नाव आमच्यात कुणालाच उच्चारता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला तळ्याचा सिनेमा म्हणत होतो. मुलगी बुडून गेलेलं एक जोडपं वर्षभरानं तळ्याकाठच्या लाकडी घरात राहायला येतं. नवरा लाकडं फोडतो, जेवतो, झोपतो. बायकोला घरात मुलीची पावलं ऐकू येऊ लागतात. एवढंच. पण ती पावलं आली की अंगावर काटा यायचा.

माझ्या प्रेक्षकांच्या मात्र अंगावर काही येत नव्हतं. एकच प्रोजेक्टर असल्यामुळे दर डब्यानंतर पाच मिनिटं दिवे लागायचे आणि तोंडांची कुलपं उघडायची. तेलाचे व्यापारी बाळासाहेब आरवाडे विचारत होते की भूत कितव्या डब्यात आहे. डॉ. सौ. गुणे यांचं निदान तयार होतं, या बाईला लोह कमी पडतंय. मागे कुणीतरी त्या घरातल्या लाकडी कपाटाची मापं घेतल्यासारखा बोलत होता. मी खिशातल्या वहीत सगळं टिपून घेत होतो. वहिनी शेजारी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी सबटायटल वाचता येत नव्हती. दुसऱ्या डब्यानंतर, समजतंय का असं मी विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

तिसरा डबा संपताना ती आई एका बंद दारापाशी येऊन थांबते. मग दिवे लागले, विझले आणि शौकतभाईनं पुढचा डबा लावला.

त्यात नवरा कुऱ्हाड टाकून होड्यांच्या खोपटात येतो. आत बायको एका रिकाम्या खुर्चीमागे उभी राहून हवेत वेणी घालतेय. बोटं अशी चालतायत की जणू हातात खरोखर केस आहेत. इथे हॉलमध्ये हशा पिकला. खरं सांगतो, चाळीसएक माणसं मोठ्यानं हसली. नवरा काही न बोलता दार ओढून घेतो. मग ती बाहेर येते, तळ्यात चालत जाते, पाणी डोक्यावरून मिटतं आणि त्या पाण्यावर पांढऱ्या अक्षरांत एक शब्द उमटतो. त्याला सबटायटल नव्हतं.

दिवे लागले. शौकतभाई माझ्यापाशी आला आणि कानाशी वाकला.

"साहेब, पिक्चर संपलं की हो. ह्यो शेवटचा डबा हाय. राहिलाय तो आदुगरचा."

मला क्षणात कळलं. तपासून झाल्यावर मी पाची डबे टेबलावर उघडे ठेवले होते आणि नंतर झाकणं बसवली होती. चौथ्याचं पाचव्याला, पाचव्याचं चौथ्याला. उठून दोन वाक्यांत सांगायचं होतं, बस्स. पण समोरच्या रांगेत उपळेकर बसले होते, आणि सेक्रेटरीला झाकण लावता येत नाही हे त्यांनी पुढची दहा वर्षं सांगितलं असतं. मी शौकतभाईला म्हणालो, राहिलेला लाव. तो लावायला गेला.

अशा रीतीनं पाण्यात बुडालेली बाई पुढच्याच क्षणी दार उघडून घरात आली. दारापलीकडे तिची मुलगी उभी होती. आईनं तिला न्हाऊ घातलं, ओले केस पुसले, टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. नवराही येऊन जेवायला बसला. मुलगी खळखळून हसली, एवढ्यात कुणीतरी दारावर थाप मारली, मुलीनं मान वळवली आणि फट्‍दिशी पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. मग टाळ्या पडल्या. आमच्या सोसायटीत अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

उपळेकर पुढे आले. त्यांचे डोळे भरून आले होते. काळ सरळ रेषेत चालतो या आपल्या भोळसट समजुतीला या दिग्दर्शकानं सुरुंग लावला आहे, असं ते म्हणाले. आधी मृत्यू आणि मग जीवन. शेवटची ती थाप, ती आपल्या प्रत्येकाच्या दारावरची थाप. पाण्यावरच्या शब्दाबद्दल कुणी विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं की तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ 'शांती'. माझ्याकडच्या माहितीपत्रकात तो शब्द शेवटी छापलेला होता आणि त्याचा अर्थ होता 'समाप्त'. मी वही काढली. हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखत होत्या. पुढच्या सदराचा मथळासुद्धा सुचला. झाकणाची भानगड गुलदस्त्यात ठेवायची, दोष मुंबईवर ढकलायचा आणि उपळेकरांची शांती तेवढी छापायची. डॉ. गुणेंनीही लोह सोडलं आणि पुनर्जन्मावर आल्या. आरवाडे एकटेच प्रामाणिक होते. भूत नव्हतंच, असं म्हणून ते घरी निघून गेले.

"आज आपल्यात एक नवीन प्रेक्षक आहेत," उपळेकर माझ्या शेजारी बघत म्हणाले. "साध्या गृहिणीला हे कसं पोचलं, तेही ऐकू या."

ही त्यांनी मला मारलेली कोपरखळी होती. त्यांना वाटलं, बाई पदर सावरील, लाजेल आणि सेक्रेटरीच्या घरची रसिकता सगळ्यांना दिसेल. वहिनी उभ्या राहिल्या. सात महिन्यांत मी त्यांचा एवढा स्वच्छ आवाज ऐकला नव्हता.

"घरात असताना तिला पोर भेटली नाही. तेव्हा ती नुसती हवेत वेणी घालत होती. पाण्यात गेली, मग भेटली. केस ओले होते तिचे, म्हणजे पोर पाण्यातच होती. आई उगाच वर शोधत बसली."

"वा," उपळेकर म्हणाले. "पाहा, हिला पोचलं. मृत्यू हेच मीलन. ही खरी जाण."

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वहिनीसाठी, माझ्या डोळ्यांदेखत, त्या नव्वद शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी खाली बसल्या. चेहरा असा निवांत झाला होता की मी तो पाहून घाबरलो. त्या माझ्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावोजी, जाताना घाटावरून जाऊ या का?"

मी उठलो. वही खाली पडली, ती तशीच राहिली.

"सिनेमा उलटा दाखवला गेला," मी म्हणालो. "शेवटचे दोन डबे. झाकणं मी चुकवली. मुलगी परत येते ते आधी आहे, आणि तेही खरं नाही, आईच्या मनातलं आहे. बाई पाण्यात जाते तो शेवट. तो शब्द शांती नाही, समाप्त आहे. पाण्यात तिला कुणीही भेटत नाही."

हे मी हॉलकडे बघून नाही, वहिनींकडे बघून बोलत होतो. लोकांना काय त्याचं! आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसायला लागला. मघाशी ज्यांचे डोळे पाणावले होते, तेच आता रुमालानं डोळे पुसत हसत होते. उपळेकर तेवढे हसले नाहीत. ते माझ्या मते त्या दिवशी सगळ्यांत थोर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मला शंका आलीच होती. तुम्ही कबूल करता का, एवढंच मला बघायचं होतं." डॉ. गुणेंनाही शंका आली होती. पाच मिनिटांत असं निघालं की शंका न आलेला माणूस हॉलमध्ये एकही नव्हता. जाता जाता जिन्यात त्यांनी नव्या सेक्रेटरीचं नावसुद्धा ठरवलं. माझ्या झाकणांचं प्रकरण त्यांनी पुढच्या आठवड्यात त्याच दैनिकात छापलं, माझ्याच सदराच्या जागेवर.

हॉल रिकामा झाला. वहिनी खुर्चीवरून हलल्या नव्हत्या. त्यांचा तो निवांतपणा पार पुसून गेला होता आणि माझ्याकडे त्या अशा बघत होत्या की जणू मी त्यांची पोर दुसऱ्यांदा नेली. मी चला म्हणालो.

"बरोबर लावून दाखवा," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो की नको, कशाला पुन्हा. दादा वाट बघत असेल. पण शौकतभाई आधीच उठला होता. "लावतो की, ताई," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं खिडकीची निघालेली घोंगडी पुन्हा खिळ्याला अडकवली.

नव्वद खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये आम्ही तिघंच. चौथा डबा लागला. दार उघडलं, मुलगी आली, न्हाणं झालं, तीन ताटल्या, हसू, दारावर थाप. शौकतभाईनं दिवा न लावताच भराभर रीळ बदललं. मग पाचवा. नवरा खोपटात आला. रिकामी खुर्ची, हवेतली वेणी. या वेळी हसायला कुणी नव्हतं. नवऱ्यानं दार ओढून घेतलं. ती तळ्यात गेली. पाणी मिटलं.

"काय लिहिलंय म्हणालात?"

"समाप्त."

"मग पुढं?"

"पुढं काही नाही, वहिनी. डबे संपले."

रिळाचं टोक प्रोजेक्टरवर फट् फट् आपटत फिरत होतं. शौकतभाईनं यंत्र बंद केलं. मला वाटलं, आता वहिनी रडतील, आणि रडल्या तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. त्या रडल्या नाहीत. चिडल्यासारख्या बोलल्या.

"तुम्ही सगळे खालचं वाचत होता. मला वाचता येत नाही, मी ऐकत होते. ती आई एक शब्द सारखा म्हणते. पहिल्यापासून. ते पोरीचं नाव असणार."

मी आठवून पाहिलं. होतं खरं. सबटायटलमध्ये नाव प्रत्येक वेळी लिहीत नाहीत, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तिच्या नवऱ्यानं तो शब्द एकदा तरी म्हटला का? पाच डब्यांत?"

मी पुन्हा आठवू लागलो. लाकडं फोडली, जेवला, झोपला, दार ओढून घेतलं. तसा वाईट माणूस नव्हता तो.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणून गेली ती पाण्यात. पोर गेली म्हणून नाही गेली. वर्षभर तिच्याशिवाय कुणी नाव घेतलं नाही, मग तिला वाटलं, पोर आपण मनानंच रचली की काय. घरात कुणी म्हणत नसेल तर माणसानं जायचं कुठं ऐकायला?" त्यांचा आवाज आता चढला होता. "माझ्या घरात कोण म्हणतंय? तुमचा दादा 'ती' म्हणतो. आत्याबाई 'ते झालं' म्हणतात. तुम्ही तर तेही नाही. सात महिने मी वाट बघतेय, भावोजी. कुणीतरी चुकून तरी म्हणेल."

इतका हुशार मी. नव्वद माणसांची बोलणी महिनोन् महिने टिपून घेत होतो. घरात एक शब्द बोलायचा बंद झालाय, हे मला ऐकू आलं नव्हतं. मी तिला खांद्यावर बसवून गणपती बघायला नेलं होतं. ती माझ्या पेनाला 'काकाची काडी' म्हणायची. मला वाटायचं, आपण नाव घेत नाही हे वहिनींवर उपकार करतोय.

"म्हणा ना," त्या म्हणाल्या.

सात महिन्यांत ते नाव माझ्या घशात गंजून बसलं होतं. शौकतभाई मागे रीळ हातात धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"केतकी," मी म्हणालो.

वहिनींनी डोळे मिटून घेतले. दोन्ही गालांवरून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.